उसाची डबल ट्रॉली अंधारात उभी होती, गुन्हा मात्र मेलेल्या माणसावर

नीरेकाठचा
4 जानेवारी, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो. आज लिहितोय, कारण घरात कुणालाच काही सुचत नाहीये.

माझा मामेभाऊ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अपघातात गेला. वय 34. एमआयडीसीत लेथवर काम करायचा, हातात महिन्याला 18,000 यायचे. दुसऱ्या पाळीवरून मोटरसायकलने घरी येत होता. गावापासून चार किलोमीटरवर रस्त्याच्या डाव्या अंगाला उसाने भरलेली डबल ट्रॉली उभी होती. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलेलं, ड्रायव्हर पंक्चरवाल्याला आणायला गेलेला. भाऊ थेट मागून जाऊन धडकला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

फोन आल्यावर मी वीस मिनिटांत तिथे पोचलो. मी जे पाहिलं ते लिहितो. ट्रॉलीच्या मागे उसाचं वाढं (शेंड्याकडचा पाला) जवळपास डांबराला टेकेल असं लोंबत होतं. दिवा नाही, रिफ्लेक्टर दिसत नाही. धोक्याची खूण म्हणून चाकामागे दोन दगड आणि बाभळीची एक फांदी. ती फांदीसुद्धा ट्रॉलीपासून चार पावलांवर. समोरून एखादी गाडी आली की तिच्या उजेडात डोळे दिपायचे आणि ट्रॉली अक्षरशः दिसेनाशी व्हायची. मी स्वतः तिथे उभा राहून हे बघितलंय.

काल पोलिसांकडून कागद मिळाले. फिर्यादीत लिहिलंय की मयताने "हयगयीने व भरधाव वेगात" गाडी चालवून उभ्या वाहनास पाठीमागून धडक दिली, स्वतःच्या मृत्यूस तो स्वतःच कारणीभूत. आरोपी मयत, त्यामुळे अबेटेड समरी होणार, म्हणजे प्रकरण तिथेच बंद होणार, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला केलेल्या पंचनाम्यात ट्रॉलीला "मागील बाजूस रिफ्लेक्टर असल्याचे दिसून आले" अशी ओळ आहे.

वहिनी, दोन पोरं (8 आणि 5) आणि मामी. भरपाईचं विचारायला गेलो तर एक जण म्हणाला, मागून धडकलेल्याला काही मिळत नाही. हे खरं आहे का? ट्रॅक्टरमालक, कारखाना, विमा कंपनी, यातलं कोण जबाबदार? भावाने हेल्मेट घातलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. लपवून उपयोग नाही.

---

दहाचाकी
5 जानेवारी, सकाळी 6:50

दादा, फार वाईट झालं. घरच्यांना सांभाळा.

मी 16 वर्षं ट्रक चालवतोय, गाडी स्वतःची आहे. ऊस सुरू झाला की आम्ही मोठ्या गाडीवाले पण रात्री त्या रस्त्यांवर जीव मुठीत धरून चालवतो. ट्रकच्या काचेतून वरून बघतानाही ट्रॉली शेवटच्या पन्नास-साठ फुटांत दिसते, मग मोटरसायकलवाल्याला काय दिसणार. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने रिफ्लेक्टरचं कापड वाटतात, फोटो काढतात. पण कापड बांधतात ट्रॉलीच्या फळीला आणि ऊस भरला की वाढं नेमकं त्यावर येतं. आठ दिवसांत चिखल आणि धुळीने ते मातीच्या रंगाचं होतं.

त्यात ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर. मागून हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही. पण पोरांनाही दोष देववत नाही. यार्डात नंबर लागायला दहा-बारा तास, मग खाली करून लगेच पुढच्या फडावर. झोप कधी घ्यायची? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम लिहिलं होतं. मी तरी रस्त्यावर ते पाळताना कुणाला पाहिलं नाही.

---

दाव्याची तारीख
5 जानेवारी, दुपारी 1:15

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो, 19 वर्षं झाली. नीरेकाठचा, तुमच्या घरावर आलेल्या प्रसंगाचं वाईट वाटलं. आता कामाचं सांगतो, नीट वाचा.

"मागून धडकलेल्याला काही मिळत नाही" हे चूक आहे. फिर्याद म्हणजे निकाल नव्हे. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा वेगळे चालतात. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या मोटार अपघात प्राधिकरणासमोर मात्र जास्त शक्यता कोणत्या बाजूची आहे एवढंच पाहिलं जातं. पोलिसांनी मयतावर गुन्हा दाखल केला असूनही उभ्या वाहनाच्या मालकावर जबाबदारी आलेली मी स्वतः चालवलेल्या दाव्यांत पाहिली आहे.

उभं वाहन आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल असं वाहन सार्वजनिक जागी सोडताच येत नाही. रात्री बंद पडलेल्या गाडीचे पार्किंग दिवे चालू हवेत, मागे लाल रिफ्लेक्टर हवा. बाभळीची फांदी कायद्यात कुठेच बसत नाही.

पण विमा कंपनीचा वकील "अंशदायी निष्काळजीपणा" मांडणार, म्हणजे थोडी चूक मयताचीही होती असं म्हणणार. त्याने किती फरक पडतो ते आकड्यात दाखवतो, म्हणजे पुराव्यासाठी का धावायचं ते समजेल.

वार्षिक उत्पन्न 2,16,000. 2017 च्या प्रणय सेठी निकालानुसार नोकरी कायम नसेल आणि वय 40 च्या आत असेल तर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात. झाले 3,02,400. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. राहिले 2,26,800. वय 34 ला सरला वर्मा निकालाच्या (2009) तक्त्याप्रमाणे गुणक 16. एकूण 36,28,800. यावर अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि पत्नी, मुलं, आई यांना सहवास गमावल्याबद्दल मिळणारी रक्कम वेगळी, शिवाय व्याज. आता न्यायाधीशांनी मयताची चूक 30 टक्के धरली तर यातले 10,88,640 रुपये गेले. पंचनाम्यातल्या त्या रिफ्लेक्टरच्या एका ओळीची किंमत ही आहे.

हेल्मेट नव्हतं हे कबूल करा. नियम मोडला म्हणजे आपोआप अपघाताला हातभार लावला असं होत नाही. 2020 मध्ये मोटरसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नियमभंग आणि अपघात किंवा इजा यांचा संबंध दाखवावा लागतो. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण काय लिहिलंय ते बघून मला कळवा.

घाईची गोष्ट एकच. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. वहिनी राहतात तिथल्या प्राधिकरणातही दावा करता येतो, अपघाताच्याच ठिकाणी जावं लागत नाही.

आणखी एक. कुणी घरी येऊन "कलम 164 खाली चूक सिद्ध न करता 5 लाख लगेच मिळतात, इथे सही करा" म्हणालं तर सही करू नका. ते कलम खरं आहे आणि काही कुटुंबांना तेच सोयीचं असतं. पण ती रक्कम स्वीकारली की समोरच्याची चूक दाखवून करायचा कलम 166 चा मोठा दावा तिथेच संपतो.

---

नीरेकाठचा
5 जानेवारी, रात्री 9:40

वकीलसाहेब, उपकार झाले. शवविच्छेदनात छातीची आणि पोटाची इजा लिहिली आहे, डोक्याला खरचटल्यासारखं.

पण मग भरायचं कुणी? ट्रॅक्टर एका शेतकऱ्याच्या नावावर, ड्रायव्हर 22 वर्षांचा पोरगा, ऊस तिसऱ्याचा, वाहतुकीचा करार कारखान्याशी. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतोय.

---

निवृत्त निरीक्षक
6 जानेवारी, सकाळी 10:05

परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी झाली. अपघातानंतर वाहनाची तांत्रिक तपासणी आम्हीच करायचो, म्हणून थोडं लिहितो.

पोलीस पत्र देतात, मग निरीक्षक वाहन बघतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे तपासून अहवाल देतो. हे वाहन जागच्या जागी बघितलं तर अहवालाला अर्थ. प्रत्यक्षात ते पोलीस ठाण्याच्या आवारात आणून लावतात आणि तोवर कुणी काय बदललं हे सांगता येत नाही. नवीन रिफ्लेक्टर चिकटवायला दोन मिनिटं लागतात. मी जुन्या, गंजलेल्या फळीवर कोरी करकरीत पट्टी पाहिली आहे, आणि "पट्टी नवीन असून तिच्याखाली धूळ आहे" असं अहवालात लिहिलंही आहे. तुमच्या प्रकरणातल्या तपासणी अहवालाची नक्कल मागा आणि तारीख, वेळ, ठिकाण या तीन गोष्टी आधी बघा.

ट्रॅक्टरच्या मूळ अडचणीबद्दल. ट्रॅक्टर बनतो शेतीसाठी. त्याला दोन ट्रॉल्या आणि वीस-पंचवीस टन ऊस जोडला की ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, असले तरी जोडलेले नसतात. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, मग तो आडवा होतो. चढावर पुढची चाकं उचलतात. यात ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही. जास्त वजनाची गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर ती मालकाच्या माहितीने चालली होती असं न्यायालय गृहीत धरू शकतं, हे कलम 113 मध्ये स्वच्छ लिहिलंय. दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. उसाच्या बाबतीत तो किती वेळा लागतो, हे रस्त्यावर राहणाऱ्यांना माहीत आहे. नोकरीत असताना मलाही ते जमलं नाही आणि त्याचं वाईट वाटतं.

---

दाव्याची तारीख
6 जानेवारी, दुपारी 2:30

निरीक्षकसाहेबांनी फार महत्त्वाचं लिहिलं.

भरायचं कुणी याचं उत्तर. दाव्यात ड्रायव्हर, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी हे तिघे जाबदार (ज्यांच्याविरुद्ध दावा करायचा ते) हवेतच. ड्रायव्हरने कामावर असताना केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते, आणि मालकाची विमा कंपनीवर. ट्रॅक्टरची आणि दोन्ही ट्रॉल्यांची पॉलिसी वेगवेगळी असू शकते, तीनही वाहनांचे नंबर घ्या. एखाद्या ट्रॉलीला नंबरच नसेल तर त्या रिकाम्या पाटीचा फोटो घ्या.

विमा कंपनीचा पहिला आक्षेप असा असेल: पॉलिसी शेतीच्या वापरासाठी होती, इथे भाड्याने ऊस ओढला जात होता, म्हणून आम्ही जबाबदार नाही. दुसरा आक्षेप लायसन्सचा. लायसन्सच्या बाबतीत 2004 च्या स्वर्णसिंग निकालापासून मार्ग निघालेला आहे. मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि अट मोडलेली असली तरी रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश न्यायालय देऊ शकतं. परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीत 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच आदेश कायम केला. तुमच्या वहिनींसाठी "आधी द्या, मग वसूल करा" हे शब्द सगळ्यात मोलाचे.

कारखान्याला जाबदार करता येतं, पण तो "आम्ही वाहनाचे मालक नाही, वाहतूकदाराशी करार आहे" असा बचाव घेतो आणि बऱ्याचदा तो टिकतो. गाडीवर प्रत्यक्ष ताबा कुणाचा होता यावर ते अवलंबून असतं. महामंडळाने भाड्याने घेतलेल्या बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये, ताबा आणि हुकूम ज्याचा त्याला जबाबदार धरलं होतं. म्हणून कराराची प्रत मिळवण्याचा प्रयत्न करा.

एक साधा प्रश्न. ती ट्रॉली तिथून हलली केव्हा?

---

वारणेचा वारा
6 जानेवारी, संध्याकाळी 7:10

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या घरीही ट्रॅक्टर आहे, कर्ज काढून घेतलाय. प्रत्येक वेळी मोठ्या वाहनवाल्याला आरोपी करायची सवय लागलीये. टायर फुटलं तर माणसाने वीस टन ऊस कुठे न्यायचा? साइडपट्टी खचलेली, तिच्यावर घेतली तर ट्रॉली पलटी. मोटरसायकलवाले मिणमिणत्या दिव्यावर ऐंशीने जातात. चूक दोघांची असते.

---

दहाचाकी
6 जानेवारी, रात्री 8:00

भाऊ, टायर फुटणं ही चूक नाही. तीनशे रुपयांचा त्रिकोण जवळ नसणं ही चूक आहे. माझ्या गाडीत दोन आहेत, आणि बंद पडलो की क्लीनरला बॅटरी देऊन मागे शंभर पावलांवर उभा करतो. खचलेल्या साइडपट्टीचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य.

मोठ्या गाडीवाल्यांचीही चूक असते, मी आमचीच सांगतो. घाटात न्यूट्रल. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला लोक तिथे गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, टाकीत नवीन हवा भरत नाही, आणि प्रत्येक वेळी पाय मारला की हवा कमी होते. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार लायनरवर. लायनर तापून वास येतो, ड्रम लाल होतो, मग पायडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. खाली गेल्यावर ड्रायव्हर म्हणतो "ब्रेक फेल झाला". ब्रेक फेल झाला नाही, तू घालवलास. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच पुलावर एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा तिथेच, आग लागून माणसं होरपळली. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरला घाट चढशील त्याच गिअरला उतर.

---

निवृत्त निरीक्षक
6 जानेवारी, रात्री 9:25

दहाचाकींनी लिहिलेलं तंतोतंत बरोबर. पुरवणी एवढीच की आधुनिक ट्रकमध्ये हवा पूर्ण उतरली तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जागीच जाम होते. म्हणून "हवा गेली आणि गाडी सुसाट सुटली" असं कुणी सांगितलं की मी आधी लायनर आणि ड्रमचा रंग बघायचो. निळसर काळा पडलेला ड्रम खोटं बोलत नाही. कायद्यातही "ब्रेक फेल" म्हणून मालकाची सुटका होत नाही. दोष लपलेला होता आणि देखभाल नीट केली होती, हे मालकालाच दाखवावं लागतं. वर्कशॉपची बिलं नसतील तर तो बचाव उभाच राहत नाही.

---

बालाघाटची लेक
7 जानेवारी, दुपारी 12:40

मी बीडकडची. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी आता शिक्षिका आहे. तुमच्या भावाबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. पण त्या 22 वर्षांच्या पोराबद्दलही लिहावंसं वाटलं, माझा चुलतभाऊ असाच ड्रायव्हर होता.

तीन वर्षांपूर्वी पहाटे ट्रॅक्टर कालव्यात गेला आणि तो खाली सापडला. दोन रात्री झोपला नव्हता. मालक म्हणाला, चूक त्याचीच, आम्ही काय देणार? आम्ही अंत्यविधी करून गप्प बसलो. आणि टोळ्या जातात त्या ट्रॉलीतूनच. भांडी, शेळ्या, लेकरं, वर माणसं. मी सहावीपर्यंत तशीच गेले आहे. ट्रॉली उलटली तर आत बसलेल्यांना कोण देतं? हे कधी कुणाला विचारता आलं नाही, आज विचारते.

---

दाव्याची तारीख
7 जानेवारी, रात्री 10:15

ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

आधी चुलतभावाबद्दल. ड्रायव्हर स्वतःच्या चुकीने गेला असेल तर 166 खाली मिळत नाही हे खरं. पण तो कामावर असताना गेला, म्हणजे कामगार म्हणून भरपाईचा हक्क वेगळा होता. 1923 चा कामगार भरपाई कायदा त्यासाठीच होता, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. तिथे चूक कुणाची हे दाव्याच्या मुळाशी नसतं. मालक आणि नोकर हे नातं, कामाच्या ओघात झालेला मृत्यू, वय आणि पगार, एवढं दाखवायचं. मृत्यूच्या वेळच्या मजुरीचे 50 टक्के गुणिले वयाचा गुणक असा हिशेब असतो आणि बहुतेक व्यावसायिक पॉलिसींत ड्रायव्हरची ही जोखीम धरलेली असते. दाव्याची मुदत दोन वर्षांची, उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते. तीन वर्षं झाली म्हणून सोडू नका, कागद घेऊन जवळच्या वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भेटा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ट्रॉलीत बसलेल्यांचं मात्र कायद्यात वाईट आहे. 2002 च्या आशा राणी निकालापासून, मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. वऱ्हाड टेम्पोत भरून नेतात ते यातच आलं. माल ज्याचा आहे तो मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर तो चालतो. ट्रॅक्टरला तर जागा एकच, ड्रायव्हरची. मडगार्डवर बसलेल्याला पॉलिसी ओळखत नाही. मजूर वाहनमालकाच्या कामावर होते आणि पॉलिसीत मजुरांसाठी हप्ता भरला होता, असं दाखवता आलं तर दार उघडतं. नाहीतर पैसे मालकाकडून वसूल करायचे, आणि कर्जबाजारी मालकाकडून काय वसूल होणार? मुकादमाची टोळी नेमकी कुणाची कामगार, हा प्रश्न प्रत्येक पक्ष आपल्या अंगावरून झटकतो. मला या निकालाचं तर्कशास्त्र समजतं, पण त्याचा भार नेमका ज्यांना दुसरं वाहन परवडत नाही त्यांच्यावर पडतो, हे मी कोर्टाबाहेर अनेकदा बोललो आहे.

तुमच्या टोळीतली बाई अपघातात गेली तर तिच्या तोडीच्या मजुरीबरोबर घरकामाचं मोलही उत्पन्नात मांडायला सांगा. गृहिणीच्या कामाची किंमत धरावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येही स्पष्ट केलं आहे.

---

खानदेशी पाहुणा
8 जानेवारी, सकाळी 8:30

घाईत विचारतो. माझा पिकअप मी 2023 मध्ये विकला, पैसे मिळाले, स्टॅम्पपेपर केला. आरसी अजून माझ्याच नावावर आहे. परवा त्या पिकअपने एकाला उडवलं, मला नोटीस आली. मी का?

---

दाव्याची तारीख
8 जानेवारी, सकाळी 9:05

कारण कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. 2018 च्या नवीन कुमार निकालात हेच आहे: परिवहन कार्यालयात ज्याचं नाव, तो मालक. गाडी पुढे चार हात फिरली तरी तेच. अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का ते आज तपासा. असेल तर बरंच ओझं उतरेल, नसेल तर लगेच वकील करा. स्टॅम्पपेपर जपून ठेवा, पुढे खरेदीदाराकडून वसूल करताना लागेल.

---

लोणारची सई
8 जानेवारी, दुपारी 4:50

माझी बहीण खाजगी स्लीपर बसमध्ये होती, बस आणि कंटेनर दोघांची चूक आहे असं पोलीस म्हणतात. कंटेनरचा पत्ता लागला नाही. 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस जळून 25 माणसं गेली, तेव्हापासून रात्रीच्या बसची भीती होतीच. बहीण वाचली, पण पाय गेला.

---

दाव्याची तारीख
8 जानेवारी, रात्री 9:50

सईताई, बहीण प्रवासी होती, तिची चूक शून्य. दोन वाहनांच्या चुकीने तिऱ्हाइताला इजा झाली तर तो कुठल्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, 2015 चा खेन्येई निकाल. बसमालक आणि त्याची विमा कंपनी पुरेशी आहे, कंटेनर सापडण्याची वाट पाहू नका. पाय गेला असेल तर अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयाचा घ्या, आणि ती काय काम करायची ते सविस्तर लिहून ठेवा. टक्केवारी दाखल्यावर 50 असली तरी उभं राहून काम करणाऱ्या माणसाची कमाई त्याहून जास्त बुडालेली असू शकते.

कुणाला उपयोग होईल म्हणून: धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर इजेला 50,000 मिळतात. आणि 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींना योजनेतल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोखीविना उपचाराची सोय आहे. दवाखान्याच्या दारात पैशासाठी अडवलं तर हे ठामपणे सांगा.

---

नीरेकाठचा
17 जानेवारी, रात्री 10:30

थोडा उशीर झाला, कागदांची धावपळ होती.

वकीलसाहेब, तुम्ही विचारलं होतं ट्रॉली हलली केव्हा. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ऊस ज्याचा होता तो शेतकरी आमच्याच भावकीतला निघाला. परवा त्याच्याकडे गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग आत जाऊन कारखान्याची वजनाची पावती घेऊन आला. वजनकाट्यावर मिळते ती फिकट निळी. त्यावर ट्रॅक्टरचा तोच नंबर, दोन्ही ट्रॉल्यांचं मिळून निव्वळ वजन 24 टनांच्या वर, आणि भरल्या गाडीच्या वजनाची वेळ सकाळी 6:10.

अपघात रात्री साडेअकराचा. दुसऱ्या दिवशी सकाळी 6:10 ला ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर. मग सकाळी साडेअकराच्या पंचनाम्यात अपघाताच्या जागी उभ्या असलेल्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर कुणी आणि कसा पाहिला?

निरीक्षकसाहेब, तपासणी अहवालाची नक्कलही मिळाली. तपासणी चार दिवसांनी, पोलीस ठाण्याच्या आवारात. "मागील फळीवर नवीन रिफ्लेक्टर पट्टी" असं लिहिलंय. "नवीन" हा शब्द त्यांनी लिहिला याबद्दल मी त्या साहेबांचा आभारी आहे, ते मला ओळखतही नाहीत.

त्या रात्रीचा माझ्या मोबाइलमधला फोटोही सापडला. रुग्णवाहिकेच्या उजेडात काढलेला, हललेला आहे, पण वाढं आणि फांदी दिसते. वेळ 11:58.

ड्रायव्हर पोरगा भेटला. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, मालकाला फोन केला होता, त्रिकोण नाही म्हणून सांगितलं होतं, मालक म्हणाला फांदी लाव. ताई, तुमचं लिहिणं वाचलेलं होतं म्हणून मी त्याच्यावर ओरडलो नाही. तो हे कोर्टात सांगेल का, माहीत नाही.

वारणेचा वारा, तुमचा राग आला नव्हता. साइडपट्टीचे फोटोही काढलेत. एक हात खोल खचली आहे.

---

निवृत्त निरीक्षक
18 जानेवारी, सकाळी 7:15

पावतीवरच्या काट्याच्या वेळेला संगणकातली नोंद असते. वकिलांमार्फत कारखान्याला आजच पत्र द्या, त्या दिवसाची काट्याची नोंद आणि यार्डातलं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा म्हणून. चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, कदाचित गेलंही असेल. तरी पत्र द्या.

---

वारणेचा वारा
18 जानेवारी, सकाळी 8:40

काल बाजारातून दोन त्रिकोण आणि एक चमकणारा दिवा आणला. आमच्या ड्रायव्हरला वाढं मागून कापून बांधायला लावलं. नीरेकाठचा, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

---

दाव्याची तारीख
18 जानेवारी, दुपारी 1:50

नीरेकाठचा, हे फार मोठं काम केलंत. आता क्रमाने. पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पावती आणि पंचनामा यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडून, आणि पुढचा तपास मागा. पोहोच घ्या. ट्रॅक्टरचालक आणि मालकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला तर उत्तम, नाही नोंदला तरी आपला दावा थांबत नाही. मोबाइलमधला मूळ फोटो तसाच राहू द्या, कुणाला पाठवला असेल तर पाठवलेली प्रत चालणार नाही, फोन बदलू नका. मामाच्या किंवा भावाच्या नावावर सातबारा असेल तर तालुका कृषी कार्यालयात शेतकरी अपघात अनुदानाचा अर्जही लगेच द्या. मृत्यूला 2 लाख आहेत आणि त्याचा मोटार अपघाताच्या दाव्याशी संबंध नाही.

त्या शेतकऱ्याला साक्षीला बोलवावं लागेल. भावकीतला आहे, त्याला आत्ताच विश्वासात घ्या.

आणि ती निळी पावती लॅमिनेट करू नका. आत्ता आहे तशी पाकिटात ठेवा, उन्हापासून दूर. त्या कागदावरची शाई उडते. आज संध्याकाळच्या आत दोन झेरॉक्स काढा आणि मूळ पावती वहिनींच्या ताब्यात द्या.